सहा सेकंदांचा थांबा

डॉ. नलिनी खांबेटे ऑपरेशन करणाऱ्या यंत्राच्या कन्सोलवर बसल्या आणि त्यांनी हँडलांत बोटं अडकवली. ती हँडलं तीन वर्षांपूर्वीच यंत्रापासून तोडली होती. पण नातेवाइकांना काचेपलीकडून डॉक्टर दिसायला हव्यात, असा हॉस्पिटलचा नियम. म्हणून रोज हे नाटक. त्यांच्याच चार हजार ऑपरेशनांवरून शिकलेलं यंत्र पेशंटचं गर्भाशय काढण्यासाठी मोकळं करत होतं.

मूत्रनलिकेजवळ त्यांची बोटं सवयीनं थांबली. एकदा इथंच घाईत त्यांनी एका पेशंटची नलिका कापली होती. तेव्हापासून त्या इथं सहा सेकंद थांबायच्या, आणि त्यांच्याकडून शिकलेलं यंत्रही थांबायचं.

आज पडद्यावरची कात्री थांबली नाही, सरळ कापत पुढे गेली.

"अगं, थांबव त्याला!" त्या शेजारच्या सिस्टरवर ओरडल्या.

"कालच्या अपडेटमध्ये तो थांबा काढलाय, मॅडम," सिस्टर म्हणाली. "उगाच वेळ जायचा म्हणे."

नलिका शाबूत होती. रक्तही नेहमीपेक्षा कमीच गेलं होतं.

बाहेर पेशंटच्या मुलीनं त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टर!"

डॉक्टरांची बोटं अजून तशीच, थांबलेली होती.