नव्या गाडीचं इंजिन

लिआंगनी डायनिंग टेबलावर माहितीपत्रक उलगडलं आणि गुरुनाथांच्या पुढ्यात सरकवलं. पांढरीशुभ्र, लांब नाकाची गाडी. आतल्या पानावर उभे कापून दाखवलेले डबे. मजकूर सगळा चिनी.

लिआंग शेजारच्याच घरात राहायचे. ऑलिंपिक बघायला बीजिंगला गेले होते, तिथल्या नव्या विजेच्या रेल्वेगाडीत बसले आणि गुरुनाथांसाठी आठवणीनं हे घेऊन इथे श्रूजबरीला परतले.

"व्हेरी फास्ट," ते म्हणाले. "टी, नो स्पिल!"

गुरुनाथांना स्ट्रोक येऊन दीड महिना झाला होता, तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. सकाळी स्पीच थेरपिस्टनं सफरचंदाचं, मांजराचं कार्ड दाखवलं, तर त्यांनी मान फिरवली होती. विजेच्या गाड्यांची डिझाइनं करण्यात जन्म गेलेला माणूस.

आता मात्र त्यांचं बोट चित्रावरून फिरत होतं. छतावरच्या, वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफपाशी रेंगाळलं, मग चाकांकडे उतरलं.

त्यांच्या पत्नी शोभनाताई चहा घेऊन आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"छान आहे हो. म्हणजे पुढं हे इंजिन, आणि ते बाकीचे डबे ओढतं."

बोट थांबलं. गुरुनाथांच्या कपाळावर आठी उमटली.

"केवढं दणकट असेल ना! एकट्यानं सगळी गाडी ओढायची म्हणजे."

गुरुनाथांचे ओठ थरथरले. लिआंगनी हातातला कप खाली ठेवला.

"ना... नाही."

स्वयंपाकघरात सिंकपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं, नेत्रानं, नळ बंद केला.

"नाही कसं?" शोभनाताईंचा आवाज कापला, पण त्यांनी चित्रावरची नजर हलवली नाही. "मग कोण ओढतं?"

"ड... डब्यां... खाली." बोट एकेका डब्याखाली आपटत गेलं. "मो... मोटर."

तेवढा शब्द लिआंगना कळला. "येस! मोटर! मोटर!" ते टाळ्या पिटत उठले. नेत्रानं ओल्या हातांनीच बाहेर येऊन बाबांना मिठी मारली.

शोभनाताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. नेत्रा त्यांच्यामागे गेली.

"आई, तुला हे माहितेय! माझ्या स्कूल प्रोजेक्टला तूच तर सगळं एक्सप्लेन केलं होतंस."

"हळू बोल." शोभनाताईंनी नॅपकिननं डोळे पुसले. "चुकीचं ऐकून गप्प बसणं त्यांना कधी जमलंय का?"

त्यांनी तोंडावर पाणी मारलं, बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"बरं, आणि छतावरची ही दांडी कशाला हो? बर्फ झटकायला?"

गुरुनाथांनी कपाळावर हात मारला आणि बोलायला तोंड उघडलं.