सुभेदारांच्या डोक्यातला गुंता

मरण जवळून पाहिलेला माणूस पुढे कशालाच भीत नाही. सांगलीच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेले निवृत्त सुभेदार लालासाहेब भीत होते, आणि ते बायकोला, बनुबाईंना, दिसू नये म्हणून भिंतीवरची आहाराची सूचना तिसऱ्यांदा वाचत होते.

मोटारसायकलवरून पडले म्हणून डोक्याचा फोटो काढला, तर त्यात भलतंच निघालं: रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता. फुटला तर जिवावरच बेतणार.

उपाय तीन होते आणि सोबत आलेली भावकी सात जणांची. कवटी उघडून गुंता कापायचा, जांघेतून नळी घालून त्यात डिंकासारखं औषध भरायचं, नाहीतर किरण मारून हळूहळू बंद पाडायचा. शिराळ्यातून निघताना डिंकाला बहुमत होतं. आष्ट्यात चहा झाल्यावर कवटी पुढे गेली. पुतण्या वीरधवल कवटीवाला. काकांचं डोकं भादरणार, तेव्हा त्यांना एकटं वाटू नये म्हणून त्यानं दवाखान्यासमोरच्या सलूनमध्ये नेऊन सातही जणांचे गोटे करून आणले.

डॉ. ब्राह्मी मगदूम यांनी फोटो बराच वेळ पाहिले. गुंता खोल आहे, एकदाही फुटलेला नाही, वय त्र्याहत्तर. हात लावण्यातच धोका जास्त, असं त्या म्हणाल्या. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, वर्षानं दाखवा.

भावकी नाराज झाली. काहीच करायचं नव्हतं तर दोन गाड्या कशाला काढल्या, असं वीरधवलचं म्हणणं पडलं.

बनुबाई पुढे सरकल्या. "बाई, म्हंजी ह्यांचं काय बी कापायचं न्हाई?"

"नाही."

"मग चला की. असल्या गुंत्यासंगं म्या पन्नास वर्सं संसार केलाय. हितनं फुडं बी करीन."

लालासाहेब आठवड्यात पहिल्यांदा हसले.

नवराबायको गोळ्या घ्यायला थांबले. भावकीची जीप तासभर आधी गावात पोचली. सात गोटे खाली उतरले. वीरधवल रुसलेला होता, बाकीच्यांच्या मानेला केस टोचत होते. कुणाशी न बोलता सगळे सरळ आंघोळीला गेले.

गावानं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागच्या गाडीतून लालासाहेब चौकात उतरले, तेव्हा शोकसभेत सरपंच राजेश्वरीताई त्यांच्याच शिस्तीवर बोलत होत्या. ते शेवटच्या रांगेत उभे राहिले. भाषण संपेपर्यंत बनुबाईंनाही बोलू दिलं नाही.

दुकानं लगेच उघडली. शाळा सोडून दिली होती, ती काही पुन्हा भरली नाही.