बिनमाणसाचा रणगाडा

जेम्स पाटोळे पोटाखालच्या भोकातून रणगाड्यात शिरला, तेव्हा शेडमधली माणसं चहाला गेली होती. कुणी बघू नये म्हणून त्याने मुद्दाम हीच वेळ धरली होती. हातात पांढरा मार्कर, दातांत टॉर्च. मोबाईल बाहेर टेबलावरच राहिला.

काम म्हणाल तर निव्वळ पोरकटपणाचं. कोरवान देशाच्या लष्कराने सुप्याच्या या वर्कशॉपला आपले चाळीस जुने रणगाडे नव्याने घडवायला दिले होते. अट एकच, आत माणूस लागता कामा नये. त्यांच्याकडे गाडे ढीगभर होते, माणसं संपत आली होती. जेम्सने दोन वर्षं खपून ड्रॉइंग केलं आणि त्यावरून हा पहिला गाडा उभा राहिला. ड्रायव्हरची सीट काढली, तोफेत गोळा भरणाऱ्याचीही काढली, वरची दारं पोलादाने बुजवली. गाड्याने कॅमेऱ्यातून बघायचं आणि लांबून दिलेला हुकूम ऐकायचा. आता पोटाखालचं हे एक भोक तेवढं उरलं होतं. त्यावर प्लेट चढली की झालं. चार वाजता कोरवानचा मेजर बघायला येणार होता. आणि या भिंती पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाहीत, तर त्यावर आपलं नाव घालून ठेवावं, असं जेम्सच्या मनाने घेतलं. नजरेला पडणार नसेल तर लिहायचं कशाला, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं.

त्याने लिहिलं, जेम्स पाटोळे, सुपा. अक्षर तिरकं आलं. पुसून पुन्हा लिहिलं. वेळ गेला तो यातच.

खाली प्लेटची ट्रॉली सरकल्याचा आवाज आला. माणसं परतली होती. आता भोकातून डोकं बाहेर काढावं, तर मच्छिंद्र वेल्डर आठवडाभर चेष्टा करणार. काय सांगावं याची तो मनात जुळवाजुळव करतोय, तोवर हजेरी सुरू झाली.

ही हजेरी मच्छिंद्रने साखर कारखान्यातून आणलेली. त्याची अर्धी हयात तिथे मळीच्या टाक्या जोडण्यात गेली. टाकीचं तोंड बंद करण्याआधी एकेकाचं नाव घ्यायचं आणि ज्याने त्याने आपल्या तोंडाने ‘बाहेर’ म्हणायचं, असा तिथला रिवाज. एकाने दुसऱ्याच्या वतीने सांगितलेलं चालत नसे.

“गोरक्ष?”

“भायेर.”

“आसाराम?”

“तुज्यापुढं उभा हाय की. भायेर.”

“जेम्ससायेब?”

जेम्सने दातांतली टॉर्च काढली.

“बाहेर,” त्याचाच आवाज म्हणाला.

आवाज टेबलाच्या बाजूने आला. तोच बसका, शब्दाच्या शेवटी खोकला दाबणारा. मच्छिंद्र अडखळलासुद्धा नाही. म्हणजे बोलणारा त्याला समोर दिसत होता. “घ्या वर,” तो म्हणाला आणि जॅकवर प्लेट चढू लागली. भोकातलं दुपारचं ऊन आधी भाकरीएवढं होतं, ते कोरीएवढं झालं, मग दोऱ्याएवढं.

जेम्स ओरडला. म्हणजे त्याने तोंड उघडलं, छाती भरून घेतली, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज काही निघाला नाही. निघणार कुठून? तो बाहेर होता.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. बायकोच्या फोनला लावलेली धून त्याने ओळखली. दोन वर्षांत सिल्व्हियाचा फोन त्याने पहिल्या खेपेला कधी उचलला नव्हता. घरी ताटावर बसला तरी मनाने तो या गाड्यातच असायचा. आणि मी वाढते ते कुणाला, असं ती भांडी आवरताना भिंतीला विचारायची. आज फोन लगेच उचलला गेला.

जेम्स पालथा पडला आणि त्याने फटीला कान लावला. त्याचा आवाज तिला सांगत होता, की काम संपलं, दिवेलागणीच्या आत येतो, येताना नगरातून मासे आणतो, आणि रविवारी चर्चला दोघं बरोबर जाऊ. मध्ये तिने काहीतरी विचारलं असावं, कारण आवाज हसला. असं मोकळं हसणं जेम्सला स्वतःला कधी साधलं नव्हतं. ऐकताना त्याला क्षणभर सिल्व्हियासाठी बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

वेल्डिंगचा पहिला टाका पडला. फटीतून निळा उजेड आत आला आणि त्यात भिंतीवरचं ओलं नाव चमकून गेलं. दुसरा टाका पडला. एका बाजूची फट बुजली.

जेम्सने टॉर्च उलटी धरली आणि प्लेटवर हाणली. तीनदा. थांबून आणखी तीनदा. काच फुटली, टॉर्च विझली.

बाहेरचा निळा उजेडही विझला.

“सायेब,” मच्छिंद्र बोलला. अगदी प्लेटला तोंड लावून बोलल्यासारखा. “आत कोनतरी वाजिवतंय.”

मग पावलं जवळ आली. डावी टाच घासत चालणारी, जेम्सची स्वतःची पावलं. माणूस गाड्याशेजारी उकिडवा बसला. मोठा कागद उलगडल्याची सळसळ झाली.

“कसं वाजवील?” जेम्सचा आवाज समजुतीने म्हणाला. “हे बघ ड्रॉइंग. आत माणसाला जागाच ठेवली नाही मी.”