कोणावर अवलंबून

दुभाष्याने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. "हाज्जा, तुमचं औषधपाणी कोण करतं?"

म्हाताऱ्या बाईला मानाने हाज्जाच म्हणत. तामूला उत्तर पाठ होतं. तिची लेक हनिया हिने महिनाभर ते घोटून घेतलं होतं. सकाळी ऑलिव्हच्या तेलात पाव बुडवताना, रात्री आईच्या डोळ्यांत थेंब घालताना. जेवूखाऊ कोण घालतं? जवाद. घरभाडं कोण भरतं? जवाद. इथे तुमचं करणारं कोण आहे? कोणी नाही. सवयीने तामूच्या तोंडून हनियाचंच नाव निघायचं आणि हनिया चिडायची. "आई, व्हिसाच्या खिडकीवर माझं नाव घेतलंस की संपलं सगळं. मी नाहीच असं समज."

जवाद तिचा मुलगा. सतरा वर्षं इटलीत, ब्रेशाच्या एका लोखंडाच्या कारखान्यात राबत होता. मागच्या वर्षी त्याला तिकडचं नागरिकत्व मिळालं. नागरिकाच्या आईला व्हिसा मिळतो, तिथे पोचल्यावर पाच वर्षं राहण्याचं कार्डही मिळतं. मात्र ती मुलाच्याच जिवावर जगते हे कागदोपत्री दिसावं लागतं. म्हणून वर्षभर तो दर महिन्याला न चुकता पैसे पाठवत होता. त्याआधी ईदेला पाठवायचा, तेही आठवण राहिली तर. तामूचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसरा वाचवायचा तर ऑपरेशन तिकडेच होईल, असं जवाद म्हणाला होता.

कासाब्लांकातल्या इटलीच्या व्हिसा कचेरीत काचेपलीकडे एक तरुण बाई लिहीत बसली होती. शेजारी दुभाष्या. हनिया आत आलेली नव्हती. ती रस्त्यापलीकडे भिंतीच्या सावलीत उभी होती.

तामू गप्प राहिली तसा दुभाष्याने फाइलमधला एक कागद वर काढला. हा तुमच्या मुलीचा जबाब आहे, बरोबर आहे का तेवढं सांगा, असं म्हणून त्याने सावकाश वाचलं, "मी आईचं जेवण, औषध, कपडालत्ता काहीही बघत नाही. तिला माझा कसलाही आधार नाही."

नगरपालिकेत जाऊन हनियाने कसलासा कागद केला होता, एवढं तामूला ठाऊक होतं. त्यात काय लिहिलंय ते तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

कसलाही आधार नाही. नवऱ्याने सोडल्यावर हनिया खुरिब्गा गावी आईकडे परत आली, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती लोकांचे जेलाबे, टोपीवाले लांब झगे, शिवत होती. सुईने तिच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. औषधं तिच्या शिलाईतून यायची. हमामला नेऊन आईची पाठ तीच चोळायची. अगादिरहून मासळीचा ट्रक घेऊन येणारा बूशाइब विधुर होता, सरळ माणूस होता. त्याने हनियाला दोनदा मागणी घातली. त्याची एक खोली, त्यात दोन मुली, म्हातारीला तिथे जागा नव्हती. हनियाने दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं. गल्लीतल्या बायका तिला वेडी म्हणाल्या. आणि आता शिक्का मारलेला हा कागद सांगत होता, की हिचा आईला आधार नाही. असा कागद अंगावर घेऊन आपली लेक उद्या अल्लासमोर उभी राहणार?

तामूने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "माझं सगळं तीच करते. घर तिच्या शिलाईच्या मशिनीवर चालतं. जवाद पैसे पाठवतो ते वर्षभरापासूनच, कागदांसाठी. माझ्यासाठी तिला खोटं लिहावं लागलं, तिला बोल लावू नका."

दुभाष्या आवाज उतरवून म्हणाला, "हाज्जा, हे असंच सांगू मी बाईंना?"

"असंच सांग, बाबा."

बाईने सगळं लिहून घेतलं. तामूचा अंगठा घेतला. परतीच्या बसमध्ये हनियाने चार वेळा विचारलं, काय काय विचारलं गं? तामू म्हणाली, चांगलं झालं. तिला कधी नव्हे ते हलकं वाटत होतं.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार मुलावर अवलंबून नाही, हे तिच्याच तोंडच्या जबाबावरून दिसतं, सबब व्हिसा नाकारला आहे. जवाद फोनवर आधी ओरडला, मग रडला. वकील करतो म्हणाला, पण अंगठा दिल्यावर वकील काय करणार, हेही तोच म्हणाला.

हनिया ओरडली नाही. तिने पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि मशिनीसमोर जाऊन बसली. मशीन सुरू केली नाही. तामू भिंतीला धरत धरत तिच्याजवळ गेली. लेकीचा चेहरा आता तिला नीट दिसत नव्हता. तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"राग धरू नकोस, पोरी. हाही डोळा गेला तर जाऊ दे. पण त्या परक्या बाईसमोर तुला नाकारायला माझी जीभ वळेना. दोनदा आलेलं स्थळ तू माझ्यापायी परत पाठवलंस, आणि मी म्हणू, माझं कोणी नाही?"

आईचा हात हनियाने डोक्यावरून काढला नाही, तसा धरलाही नाही.

"तो तिसऱ्यांदा आला होता, आई," ती म्हणाली. "तुला व्हिसा मिळाला की निकाह लावू, असं मी त्याला सांगितलं होतं."