एक जूनची तारीख

जामसिंग पावराने गुरुजींच्या पायांना हात लावला आणि तिथूनच भांडायला सुरुवात केली.

“गुरुजी, माझी दोन वर्षं परत द्या.”

झुलाल गुरुजी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहायला आले, तेव्हापासून स्वयंपाकघराने त्यांना नोकरीला ठेवलं होतं. समोर सहा फुटी माणूस कमरेत वाकून उभा. गोव्याच्या फुटबॉल क्लबात अकरा वर्षं बचावफळीत खेळलेला हा गडी त्यांच्याच आश्रमशाळेत शिकलेला.

“बस पहिले. पानी पी,” गुरुजी म्हणाले.

जामसिंगने तांब्या तसाच बाजूला ठेवला. मोसम संपला आणि गोव्याच्या क्लबाने करार वाढवला नाही. गुलाबी कागदावर आभार तेवढे मानले. महिनाभर फोन मुका होता. मग जळगावहून त्याचा एजंट संयम लोढा बोलला. बापाचं कापडाचं दुकान सोडून हा पोरगा खेळाडू विकत बसला होता, पण माणूस चोख. कोलकात्याचा एक क्लब घ्यायला तयार आहे म्हणाला. अट एकच, खेळाडू पस्तिशीच्या आतला हवा. आणि कागदावर जामसिंग येत्या एक जूनला पस्तीस पुरी करत होता.

एक जून. यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जामसिंगचं गाव. तिथे ज्याला विचारावं त्याचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, कधीचा? आईबाप म्हणायचे, कणसं भरली होती तेव्हाचा. एवढ्यावर सरकार कुठलं ऐकतंय? मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं, तारीख एक जून. नाही लागला तरी पुष्कळदा सहाच लिहायचे. शाळेत दोन वेळचं जेवण होतं, आणि एवढंसं पोर उपाशी माघारी धाडायला त्यांचा जीव होत नसे.

जामसिंगला तो दिवस लख्ख आठवत होता. रांगेत सगळ्यात बुटका तोच. गुरुजींनी त्याला कान धरायला लावलंच नाही. नुसतं पाहिलं आणि सहा लिहून टाकलं. म्हणजे तो फार तर चार वर्षांचा असणार, कान लागायचाच नाही हे गुरुजींना ठाऊक असणार. हा हिशेब त्याने आयुष्यभर ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना ऐकवला होता. मी कागदावर म्हातारा आहे, खरा नाही. गेल्या मोसमात पोरं बाजूने सुटून जायला लागली तेव्हा त्याने मनातल्या मनात गुरुजींना शिव्याही दिल्या होत्या.

“खरा मी तेहतीसचा. तुम्ही तेवढं लिहून द्या, बाकीचं संयम बघतो,” तो म्हणाला. “अजून दोन मोसम निघतील माझे. दुसरं काही येत नाही मला, गुरुजी.”

गुरुजींनी लसूण बाजूला ठेवला.

“तुले कोनी सांगं, मी वय वाढायं म्हनीसन?”

“सगळ्यांचं वाढवलंत ना.”

“बठ्ठास्नं वाढायं. तुनं कमी करं.”



गुरुजींनी सांगितलं ते असं. अकरा जुलै अठ्ठ्याऐंशी हा त्यांचा नोकरीवर रुजू झाल्याचा दिवस. सरकारी माणूस लग्नाची तारीख विसरेल, ही विसरणार नाही. शाळेला कुलूप होतं आणि चावी शेजारच्या झोपडीत, जामसिंगच्या बापाकडे. बाप तीन तासांनी आला. हातावर गूळ ठेवला आणि म्हणाला, मुलगा झाला. पुढे ते कुटुंब केळीच्या बागांत मजुरीला गेलं. परत आलं तेव्हा पोरगा आठ वर्षांचा. खरं वय लिहिलं तर त्याला तिसरीत बसवावं लागलं असतं, आणि अक्षर तर एक येत नव्हतं. आठवडाभरात पळून गेला असता.

“मग मी एवढासा कसा होतो?”

“तू धाकला नव्हता रे,” गुरुजी म्हणाले. “भुक्या व्हता.”

जामसिंगने पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळा संपवला. शाळेच्या जेवणावर तो कसा बांबूसारखा वाढला, ते त्याला आठवलं. याच धुळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलांची निवड होती. तो सगळ्यांपेक्षा हातभर उंच. चेंडू धड अडवता येत नव्हता, तरी निवडणाऱ्या साहेबांनी पहिलं बोट त्याच्याकडेच केलं होतं. तिथून पुण्याचं वसतिगृह, तिथून गोवा. त्या दिवशी तो सोळा वर्षांचा होता. खरी तारीख असती तर मैदानाच्या दारातूनच परत पाठवला असता.

गुरुजींनी आत जाऊन कोरा कागद आणि पेन आणलं. चष्मा लावला.

“एकदा खोटं लिखेल शे, अजून एकदा लिखसू. सांग, कितलं लिखू?”

तेवढ्यात फोन वाजला. संयम होता. काय झालं दादा, निघतंय का वय कमी, कोलकात्याला आज कळवायचंय, असं एका दमात बोलून गेला.

जामसिंगने गुरुजींच्या हातातलं पेन हलकेच काढून घेतलं. कित्येक महिन्यांनी त्याला मोकळं वाटत होतं.

“नाही म्हणून कळव, संयम,” तो म्हणाला. “ते दोन मोसम मी केव्हाच खेळून बसलोय.”