डब्याबाहेरची वही

घड्याळजी सासऱ्यांची चाळीस वर्षांच्या दुरुस्त्यांची वही कायम कुलूपबंद. पोटच्या मुलालाही त्यांनी हात लावू दिला नव्हता. सूनबाई दुकानातल्या कॉम्प्युटरवर तशाच नोंदींचं ॲप बसवायला लागली, तसे ते खुर्ची ओढून बसले. “बाबा, ॲप कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एका वेगळ्या डब्यात चालतं. डबा पुसून उडवला तरी नोंदी राहतात,” ती म्हणाली. त्यांनी हौसेने एक नोंद लिहिली. तिने डबा उडवून नवा सुरू केला. नोंद गायब! “तरीच मी वही देत नाही,” ते हसले. “चुकलं माझं. नोंदी डब्याबाहेर ठेवायला विसरले,” ती म्हणाली. “घड्याळाची केस बदलायची, मशीन तेच?” “अगदी!” तिने चूक सुधारली. त्यांनी पुन्हा लिहिलं, डबा स्वतःच उडवला, नवा सुरू केला. नोंद जागच्या जागी! “परत उडवू?” चारदा उडवून झाल्यावर त्यांनी कमरेची किल्ली तिच्या हातात ठेवली. “वही मात्र एकच आहे हं.”