पहिलं पोतं

पेंडीचा व्यापारी पूर्णमान याने पहिल्या पोत्याची शिवण उसवली आणि दोन ओंजळी सरकीची पेंड आपल्या गाईपुढे टाकली. नेपाळातल्या त्या डोंगरी बाजारात बावीस वर्षं हीच रीत होती. सरहद्दीपलीकडून पेंडीचा ट्रक आला, की आधी त्याची गाय खायची आणि मगच लोक पोती उचलायचे.

या खेपेला ट्रक नाक्यावर एकोणीस दिवस अडकला. आधी कागद अडले, मग संप झाला, त्यात ताडपत्री गळकी निघाली. परवा माल उतरवतानाच बुरशीचा कुबट वास पूर्णमानच्या नाकात शिरला होता. तेव्हापासून त्याने गाईला काडीसुद्धा घातली नव्हती. भुकेली असली, की खाईल.

गाईने पेंड हुंगली. मान वर करून धन्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.



"पोट भरलंय तिचं," पूर्णमान कसाबसा म्हणाला.

अंगणात जमलेल्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत पुढे मैतीमाया उभी होती. दोन म्हशींच्या दुधावर तिचं घर चालायचं. तिने गाईच्या खपाटीला गेलेल्या पोटावरून हात फिरवला.

"साहूजी, हिला तुम्ही उपाशी ठेवलंय," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या म्हशी तीन आठवडे वाळक्या पाल्यावर आहेत. त्या खातील."

तिने ओझ्याचा पट्टा कपाळावर सरळ केला आणि पाठ वाकवली.

"चढवा पोतं."